दहावी-बारावीनंतर पुढे काय? विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना प्रवेशाच्या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. राज्य मंडळातून शिकणारी मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत. गुण कमी पडले म्हणून एखादी वाट बंद झाली, तर मुलं ते पचवतात. पण विषय चुकीचा घेतला, दाखला वेळेत निघाला नाही किंवा फी-सवलत असते हेच माहीत नव्हतं, म्हणून हातातली जागा जाते तेव्हा जीव तुटतो, कारण ते टाळता आलं असतं. म्हणून ‘कोणतं क्षेत्र चांगलं’ यापेक्षा ‘कोणतं दार कधी बंद होतं’ याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे. प्रश्न विद्यार्थ्याचा असेल तिथे ‘तू’ म्हणून आणि पालकांचा असेल तिथे ‘तुम्ही’ म्हणून उत्तर दिलं आहे.

मुलगी आत्ता नववीत आहे. एवढ्यात विचार करायची गरज आहे का?

करिअर ठरवायची गरज नाही, पण दोन-तीन गोष्टी नववीतच हाताला लागतात. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात: ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. खेळाडूंनाही असे गुण असतात, मात्र शाळेने प्रस्ताव मुदतीत पाठवावा लागतो. धाकटं भावंड आठवीत असेल आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर त्याला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं.

आणि जातीचा दाखला काढला नसेल, तर तो या वर्षीच काढा. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

‘सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात’ असं सगळे सांगतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. बारावी सायन्सनंतर कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेता येते. उलट दिशेने इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.एस्सी. कृषी या वाटा बारावी आर्ट्स-कॉमर्सवरून मिळत नाहीत. एवढं मान्य करूनच पुढे बोलायचं.

आता दुसरी बाजू. वकिली, सीए, पत्रकारिता, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाइन, ललितकला, बीबीए, शिक्षकी पेशा, एमपीएससी, यूपीएससी यांतल्या एकालाही सायन्सची अट नाही. एनडीएच्या भूदल शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. म्हणजे जी मुलगी दहावीत इतिहासाचं पुस्तक स्वतःहून वाचते आणि विज्ञानाला नुसती पाठांतराने तगून असते, तिने ‘दारं उघडी राहावीत’ म्हणून दोन वर्षं भौतिकशास्त्राशी झगडायचं, बारावीला पन्नास टक्क्यांवर यायचं आणि मग बी.ए.लाच प्रवेश घ्यायचा, यात तिचं नुकसानच झालं. त्या दोन वर्षांत तिने राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचा पाया घातला असता, इंग्रजी सुधारलं असतं, सीएलएटीची, म्हणजे वकिलीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केली असती.

दहावीला विज्ञान-गणितात चांगले गुण आहेत, विषय आवडतात, पण पुढचं काही ठरलेलं नाही, अशा मुलाने सायन्स घेणं शहाणपणाचं आहे. विषय आवडत नसताना केवळ घरच्यांच्या भीतीपोटी घेणं नाही. माझ्यापुरती रेघ मी इथे ओढते.

मॅडम, अकरावीला मॅथ्स ठेवू, बायोलॉजी ठेवू की दोन्ही?

हा प्रश्न सगळ्यांत कमी वेळात सुटतो आणि सगळ्यांत जास्त काळ सोबत राहतो, म्हणून नीट वाच.

बायोलॉजी सोडलंस तर नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आणि तिच्यावर चालणारे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय हे सगळे मार्ग बंद. मॅथ्स सोडलंस तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएचं हवाई दल आणि नौदल बंद. संख्याशास्त्र आणि डेटा सायन्सच्या बहुतेक पदव्यांनाही गणित मागतात. फार्मसी आणि कृषी दोन्ही गटांतून मिळतात.

दोन्ही ठेवण्याला ‘पीसीएमबी’ (भौतिक, रसायन, मॅथ्स, बायोलॉजी) म्हणतात. खरोखर निर्णय होत नसेल तर ठेव, पण अभ्यास जवळजवळ दीडपट होतो हे समजून. अकरावीच्या दिवाळीपर्यंत कोणता विषय आपला नाही हे बहुतेकांना कळतं.

काही कॉलेजांत द्विलक्ष्यी म्हणजे बायफोकल विषय असतात: कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यशास्त्र वगैरे. हा विषय २०० गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो. प्रात्यक्षिकाचे गुण चांगले मिळतात म्हणून मुलं तिकडे जातात. फक्त त्याच्या नादात बायोलॉजी सुटत नाही ना, हे फॉर्म भरण्याआधी पाहा.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतिक्रम कसे भरायचे?

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाली. त्याआधी ती मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरती होती. त्यामुळे गावाकडच्या पालकांना ती अजून नवीन आहे. अर्जाचा पहिला भाग वैयक्तिक माहितीचा आणि दुसरा पसंतिक्रमाचा. जास्तीत जास्त दहा कॉलेजं देता येतात.

लक्षात ठेवायचा नियम असा: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. त्यामुळे ‘मिळालं तर बघू’ म्हणून कोणतंही कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. जिथे खरोखर जायचं आहे तेच वर ठेवा, आणि शेवटच्या दोन-तीन जागा घराजवळच्या, गेल्या वर्षी कमी गुणांवर बंद झालेल्या कॉलेजांना द्या. संस्थेच्याच शाळेतून दहावी केली असेल तर इनहाऊस कोट्याच्या १० टक्के जागा असतात. अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्के आणि व्यवस्थापन कोटा ५ टक्के.

सायबर कॅफेवाल्याला मोबाइल नंबर आणि पासवर्ड देऊन निघून येऊ नका. अर्ज त्याच्याकडून भरा, पण शेजारी बसून.

दहावीनंतर डिप्लोमा बरा की बारावी करून इंजिनिअरिंग?

इंजिनिअरिंगच करायचं हे पक्कं असेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल, तर मी डिप्लोमाच्या बाजूने बोलते. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा तीन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नाही. डिप्लोमा झाल्यावर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तिथेही सीईटी नसते, डिप्लोमाचे गुण धरतात. बारावीमार्गे दोन अधिक चार, डिप्लोमामार्गे तीन अधिक तीन: वर्षं तेवढीच. फरक असा की डिप्लोमा संपताच अठरा-एकोणीसच्या वयात हातात नोकरीलायक कागद असतो. वडिलांचं आजारपण आलं, शेत गेलं, तर शिक्षण तिथे थांबवूनही मुलगा उभा राहतो. शासकीय तंत्रनिकेतनात फी खासगीपेक्षा बरीच कमी असते.

तोटाही सांगते. पंधराव्या वर्षी मेकॅनिकल की सिव्हिल की कॉम्प्युटर हे ठरवावं लागतं, आणि नंतर मन बदलून वैद्यकीयकडे वळणं जवळपास अशक्य होतं. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना गणित जड जातं. डिप्लोमाच्या शेवटच्या उन्हाळ्यात बारावीचं कॅल्क्युलस वाचून गेलं तर ते निभतं.

आयटीआय म्हणजे नापासांची जागा, असं लोक म्हणतात.

म्हणू देत. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडना शासकीय आयटीआयमध्ये जागा मिळवायला चांगली चढाओढ असते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. वेल्डर, संगणक चालक (कोपा) एक वर्षाचे. त्यानंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप, आणि ती विद्यावेतनासह. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत या मुलांची रोजची गरज असते. रेल्वे आणि महावितरणच्या भरतीतही आयटीआयचं प्रमाणपत्र मागतात. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून इंजिनिअरिंगला. वाट लांब आहे, पण पक्की आहे.

एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यात नेमका फरक काय?

एमएचटी-सीईटी राज्याची: महाराष्ट्रातलं इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी. पीसीएम (गणितासह) आणि पीसीबी (जीवशास्त्रासह) असे दोन वेगळे गट. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. भौतिक आणि रसायन मिळून उरलेले १००.

जेईई मेन केंद्राची, जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते. एनआयटीसारख्या संस्थांसाठी, आणि आयआयटीच्या जेईई अॅडव्हान्स्डची पहिली पायरी म्हणून. एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं आवश्यक असतं. म्हणून बोर्डाचा अभ्यास सोडून फक्त जेईई करणं धोक्याचं.

नीट वैद्यकीयसाठी. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीला एक गुण वजा. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवरून भरतात, बाकी ८५ टक्के राज्याच्या.

सीईटीच्या निकालातला पर्सेंटाइल हा टक्का नव्हे. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतली सुमारे ९० मुलं तुझ्या बरोबरीला किंवा मागे. तुला ९० टक्के गुण मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही. पीसीएमला काही लाख मुलं बसतात, त्यामुळे ९० पर्सेंटाइलच्याही पुढे हजारो मुलं असतात. व्हीजेटीआय, सीओईपी किंवा रसायन तंत्रज्ञान संस्था अशा नामांकित अभियांत्रिकी संस्थांची स्वप्नं पाहताना सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरचे गेल्या वर्षीचे कटऑफ आपल्या प्रवर्गाप्रमाणे काढून बघ. ऐकीव आकड्यांवर जाऊ नकोस.

क्लास लावावाच लागतो का? इंटिग्रेटेडला घालू की लातूरला पाठवू?

कॉलेजला हजेरीपुरतं नाव आणि दिवसभर क्लास, या प्रकाराला इंटिग्रेटेड म्हणतात. प्रात्यक्षिकं होत नाहीत, प्रयोगवही एका रात्रीत उतरवली जाते. मी याच्या विरोधात आहे आणि ते लपवत नाही. ज्या मुलाने कधी टायट्रेशन केलं नाही, तो पुढे बी.फार्म.च्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी गोंधळतो.

लातूरचं नाव झालं ते तिथल्या कॉलेजांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या सराव परीक्षा आणि शिस्तीमुळे. तिथे जाऊन फायदा होणारी मुलं आहेत. पण घर पहिल्यांदाच सोडणारं सोळा वर्षांचं मूल मेस, खोली, एकटेपणा आणि दर आठवड्याचा क्रमांक एकदम झेलू शकेल का, हे तुम्हीच ओळखायचं आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासने १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, निकालाची हमी देऊ नये, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत द्यावी. पैसे भरण्याआधी ही परताव्याची अट लेखी मागा. जो देत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

क्लास परवडत नसेल तर: सीईटीसाठी बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळ न ओळ, नीटसाठी एनसीईआरटी, आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. दोन्ही पुस्तकं मोफत डाउनलोड होतात. शंका विचारायला कॉलेजातल्या शिक्षकांना गाठा. आमचं ते कामच आहे.

मी मराठी माध्यमातून आहे. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिले सहा महिने जड जातील. त्यानंतर पारिभाषिक शब्द सवयीचे होतात. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही असतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत. तेव्हा गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीतच पक्के कर. डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्वैभाषिक पर्याय आहे, आणि २०२१ पासून भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी मिळाल्यावर पुण्यात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झालं. सीएलएटी मात्र फक्त इंग्रजीतून होते.

नववी-दहावीच्या सुट्टीत इंग्रजी व्याकरणाचा क्लास लावण्यापेक्षा विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक आणून मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाच. धडे तेच आहेत, त्यामुळे अर्थ आपोआप लागतो.

कोणते दाखले लागतात आणि कधी काढायचे?

जास्तीत जास्त जागा जिथे हातच्या जातात तो हा विषय आहे, म्हणून सविस्तर.

वय-अधिवास-राष्ट्रीयत्व दाखला सगळ्यांनाच लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) असाल तर नॉन क्रीमी लेयर, म्हणजे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला. नॉन क्रीमी लेयरची मुदत शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. जुलैमध्ये फाईल उघडली आणि मुदत याच मार्चमध्ये संपली होती, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. एससी, एसटींना हा दाखला लागत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी याच्यावर जात वैधता प्रमाणपत्र हवं. ते तहसीलमध्ये मिळत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करून कागद सादर करावे लागतात. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या. विज्ञान शाखेच्या मुलांनी कॉलेजमार्फत अकरावीतच अर्ज करावा. जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचे जुने उतारे. ती शाळा बंद झालेली असते, रजिस्टर जीर्ण असतं, नावात आणि आडनावात फरक असतो. हे शोधायला महिने जातात. वडिलांना, सख्ख्या चुलत्याला किंवा चुलत भावाला वैधता मिळालेली असेल तर काम खूप सोपं होतं. आधी भावकीत विचारा.

जेईई-नीटच्या देशपातळीच्या जागांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) यांचे दाखले केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचे, म्हणजे १ एप्रिलनंतरचे लागतात. राज्याचा नमुना तिथे चालत नाही. एसईबीसी आरक्षणही राज्यापुरतंच आहे. केंद्रीय प्रवेशात ते धरत नाहीत.

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी हवी. फरक असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आधार दुरुस्त करा, आजच.

फी परवडणार नाही. काय करता येईल?

अर्ज भरण्याआधीच ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून माघार घेऊ नका.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजातही ते लागू होतं. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. ‘आत्ताच सीट बुक करा’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊन किती तरी घरं ही सवलत गमावतात.

मुलग्यांसाठी, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, आणि दरवर्षी नव्याने. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ झालं का, एवढं विचारा.

इंजिनिअरिंगच्या फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएस नावाचा एक पर्याय असतो. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत, चारही वर्षं शिक्षण शुल्क माफ. कोणत्याही प्रवर्गातल्या मुलाला तो घेता येतो. कटऑफ थोडा वर जातो आणि नंतर शाखा बदलता येत नाही.

वसतिगृहासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम आणि इतरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजनांतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. कर्ज सगळ्यांत शेवटी. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, तेव्हा बँकेने जमीन मागितली तर आधी नियम विचारा.

मुलीला एवढ्या लांब कसं पाठवायचं?

वसतिगृह स्वतः जाऊन पाहा. वॉर्डनला भेटा, पाणी आणि जेवण विचारा, तिथल्या दोन मुलींशी बोला. मुलगी हुशार आहे म्हणून कॉलेज निवडायचं आणि भीती वाटते म्हणून प्रवेश रद्द करायचा, असं करू नका. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसतं, आणि तिला ते आयुष्यभर लक्षात राहतं.

नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेऊ का?

नीटला प्रयत्नांची आणि कमाल वयाची मर्यादा नाही, आणि त्यामुळेच मुलं अडकतात. जेईई मेन बारावीनंतर सलग तीन वर्षांत देता येते. अॅडव्हान्स्ड दोनदाच, सलग दोन वर्षांत.

मी एवढंच विचारते: पहिल्या वेळी कमी का पडले? अभ्यासक्रमच पूर्ण झाला नव्हता, आजारपण होतं, शेवटचे दोन महिने वाया गेले, असं ठोस कारण असेल तर एक ड्रॉप समजू शकते. सगळं करून चाचणीतही तेवढेच गुण येत होते, तर आणखी एक वर्ष तेच करून आकडा फारसा हलत नाही. दुसरा ड्रॉप मी कुणालाही सुचवलेला नाही. बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी ही सगळी सन्मानाची कामं आहेत. कुणाचं हुकलेलं एमबीबीएस म्हणून त्यांच्याकडे पाहू नकोस. विज्ञानच आवडत असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठीची आयएटी ही प्रवेश परीक्षा दे. जीवशास्त्रवाल्यांनाही ती देता येते, आणि आपल्याकडची फार थोडी मुलं तिकडे वळतात.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी काय करायचं?

सीए व्हायचं असेल तर दहावीनंतरच नोंदणी करता येते, फाउंडेशन बारावीनंतर. मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि फायनल. बी.कॉम. शेजारी चालू ठेव. वकिलीसाठी बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम: राज्याच्या कॉलेजांना एमएच-सीईटी लॉ, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना सीएलएटी. सीएलएटी आता डिसेंबरमध्येच होते, म्हणजे बारावी चालू असतानाच. हे माहीत नसल्याने गावाकडची मुलं एक वर्ष गमावतात. बीबीए, बीसीएलाही राज्यात सीईटी सुरू झाली आहे. मुंबईच्या १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत आणि इतर शासकीय कला महाविद्यालयांत बी.एफ.ए.साठी वेगळी कला सीईटी असते.

बारावीनंतर लगेच एमपीएससीला लागू का?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचल्याशिवाय राज्यसेवेला बसता येत नाही, यूपीएससीला वय २१ पूर्ण लागतं. तेव्हा पदवी अशी निवड की परीक्षा न निघाल्यास तिच्यावर पोट भरेल. रोज वर्तमानपत्र वाच, लिहिण्याचा सराव ठेव, पण पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यासिकेत बसायचं वय अठरा नाही.

मुलाला फोटोग्राफी करायची आहे, आम्हाला वाटतं इंजिनिअर व्हावं. समजावा त्याला.

आधी मी तुमच्याशीच बोलेन. त्याने आतापर्यंत काय केलंय ते पाहा. गावातल्या लग्नांत, सप्ताहात, सामन्यांत त्याने काढलेली छायाचित्रं आहेत का, संकलन स्वतः शिकला का, कुणी पैसे दिले का? असेल तर ती आवड खरी आहे. फक्त मोबाइलवर रील पाहून वाटत असेल तर उन्हाळ्याची सुट्टी त्याला एखाद्या स्टुडिओत बिनपगारी काम करू द्या. पंधरा दिवसांत त्यालाच कळतं. इतर क्षेत्रांनाही हेच लागू: मेडिकल दुकान, वकिलाचं ऑफिस, कृषी सेवा केंद्र, गॅरेज. कल चाचणीच्या कागदापेक्षा मी अशा पंधरा दिवसांवर जास्त विश्वास ठेवते.

आम्ही बेळगावकडे राहतो. महाराष्ट्रात प्रवेश मिळेल का?

हो. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना राज्याच्या केंद्रीय प्रवेशात ‘ई’ प्रकारातून अर्ज करता येतो. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले लागतात.

दहावीत दोन विषय राहिले. आता?

एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. गुण अनपेक्षितपणे कमी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेत नाहीत, आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. दोनपेक्षा जास्त विषय राहिले तरी पुरवणीला बसता येतं, आणि आयटीआयच्या वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं. शाळा पूर्वीच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. पुरवणीचा अर्ज शाळेतूनच भरायचा असतो. तेव्हा निकालाच्या दिवशी लाज वाटली तरी दुसऱ्या दिवशी शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेट आणि अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून घे.